फायबरचं नेट दिवसातून दहादा जातं, कंपनीवाले म्हणतात लाईन ओके आहे. काय करू?

तुमचं सगळं वाचलं. साताऱ्यात घर, दोन महिन्यांपूर्वी फायबर घेतलं, नेट पाच मिनिटं जातं, आपोआप येतं, तक्रार केली की "आमच्याकडून सगळं ओके आहे सर", आणि आता नवा राऊटर घ्यायचा विचार चाललाय. एवढ्यात घेऊ नका. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, हेच भोगलंय, आणि त्या नादात घेतलेला राऊटर आजपण कपाटावर धूळ खात पडलाय.

नेट गेलं की आपण पहिलं मोबाईल बघतो, वायफाय बंद-चालू करतो, ते करू नका, भिंतीवरच्या डब्याच्या (कंपनीचा राऊटर, ज्यात फायबरची वायर येते) लाईट बघा. तिथंच निम्मं कळतं.

आमच्याकडं रोज संध्याकाळी सातच्या आसपास जायचं. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा सकाळी अकराला, आणि अकराला नेट काय, पळतंय नुसतं. मी म्हणायचो सातला या की ओ, तर म्हणे सातला आमची ड्युटी संपते. शेवटी एक दिवस मीच चहा घेऊन डब्यासमोर खुर्ची टाकून बसलो (बायको म्हणाली आता हेच राहिलं होतं). सातला खाली पाण्याची मोटर सुरू झाली, ट्यूब जराशी मंद झाली आणि डब्याच्या सगळ्या लाईट एकदम विझल्या, मग एकेक करत परत लागायला लागल्या. म्हणजे नेट जातच नव्हतं, डबाच बंद पडून परत चालू होत होता! मोटर सुरू होताना व्होल्टेज थोडं पडतंच, चांगला अडॅप्टर तेवढं सहज सहन करतो, आमच्या अडॅप्टरचा दम संपला होता. गंमत म्हणजे मल्टिमीटर लावला तर व्यवस्थित १२ व्होल्ट दाखवायचा, कारण काढून मोजताना त्याच्यावर लोडच नसतो. नवा आणला, विषय संपला. आणताना जुन्यावर छापलेलं बघा, व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नको, आणि पिन तीच बसली पाहिजे.

आता तुमच्या डब्यावर एलओएस (LOS, म्हणजे सिग्नल गेला) लिहिलेली लाईट लाल होत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, फायबरमधून नेट घेऊन येणारा उजेडच पोचत नाही डब्यापर्यंत, मग वायर नाहीतर जॉइंट. माझ्या बहिणीकडं, साताऱ्यातच शाहूपुरीत, रात्री खिडकी लावली की लाल, सकाळी उघडली की हिरवी. वायर त्या स्लायडिंग खिडकीच्या फटीतून आत घेतलेली, खिडकी सरकवली की तिथंच चिमटायची. फायबरच्या आत काच असते हो, तांब्याच्या वायरीसारखी खिळ्याला गुंडाळून किंवा कोपऱ्यात काटकोनात दाबून चालत नाही, वळण मोठं ठेवायचं. फायबरच्या टोकाची ती हिरवी पिन स्वतः काढून शर्टाला पुसत बसू नका आणि तिच्या टोकात डोळा लावून तर अजिबात बघू नका, आतला उजेड दिसत नाही पण लेसरच असतो. कंपनीचा माणूस आला की त्याला पॉवर मीटर (उजेड किती पोचतोय ते मोजायचं यंत्र) लावायला सांगा. आकडा उणे असतो, साधारण -८ ते -२७ डीबीएममध्ये (उजेडाची ताकद मोजायचं माप) चालतं, पण -२६ वगैरे आला तर "चालतंय की" म्हणून जाऊ देऊ नका, एवढ्या काठावरची लाईन कधी पण दगा देते.

लाईट सगळ्या जागेवर असतील तर लॅपटॉप केबलनं डब्याला जोडा आणि दोन काळ्या खिडक्या (विंडोजमधलं कमांड प्रॉम्प्ट, cmd) उघडून एकीत ping लिहून पुढं राऊटरचा पत्ता टाका, म्हणजे तिकडून उत्तर येतंय का ते सारखं दिसतं (बहुतेक १९२.१६८.१.१, डब्याखालच्या स्टिकरवर असतो), दुसरीत तसंच ८.८.८.८ (बाहेरचा, गूगलचा सर्व्हर), दोन्हीच्या शेवटी -t, म्हणजे चालूच राहील. नेट गेल्यावर पहिली चालू आणि दुसरी बंद पडली तर घोळ तुमच्या घरात नाही, त्याचा वेळ दिसेल असा फोटो काढून तक्रारीला जोडा, मग "ओके आहे सर" म्हणता येत नाही त्यांना. दोन्ही चालू आणि मोबाईललाच नेट नाही तर वायफाय. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते, सेटिंगमध्ये ऑटो काढून १, ६ किंवा ११ मधला मोकळा चॅनल ठेवा, त्याच खोलीत बसत असाल तर सरळ ५ गिगाहर्ट्झ वापरा, भिंतीपलीकडं ते लवकर दमतं. आणि डबा टीव्हीच्या मागं कोंबला असेल तर आधी बाहेर काढा.

चार दिवस कागदावर लिहा, किती वाजता गेलं, कुठली लाईट होती, तेव्हा घरात काय चालू झालं. मग सांगा, बघू.