वाचकांचे प्रश्न : या शाखेला पोरंच नाहीत, असं म्हणतात ते

प्रश्न : ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. लेक सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे. दहावीपर्यंत गावातल्याच मराठी शाळेत शिकली. तिला पर्यावरण अभियांत्रिकीच करायची आहे. बेळगावात एका शिबिरात आम्हाला सांगितलं, 'त्या शाखेला पोरंच जात नाहीत. मोठमोठ्या संस्थांतही बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी असतात. कॉम्प्युटरला घाला.' तेव्हापासून घरात रोज वाद. खरं काय?
— एक पालक

उत्तर : या शाखेत पोरं कमी दिसतात, हे शिबिरात खरं सांगितलं. त्यावरून शाखेला किंमत नाही असं ठरवलं, ते चूक.

ही शाखा जगभर सिव्हिलच्या पोटात वाढली आहे. अमेरिकेत बर्कली, स्टॅनफर्ड, इलिनॉय या नामांकित ठिकाणी विभागाचं नावच 'सिव्हिल अँड एन्व्हायर्नमेंटल' असं जोडून आहे. तिथे पहिल्या वर्षाला 'पर्यावरण' म्हणून किती पोरं बसली हे मोजून काही कळत नाही. आपल्याकडेही तेच. मुंबईच्या आयआयटीत या विषयाचं केंद्र १९८५ साली उघडलं आणि वाढलं ते पदव्युत्तर शिक्षण नि संशोधनावर. बी.टेक. तिथे अलीकडे सुरू झालं. धनबादच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीचं वेगळं बी.टेक. आहे. तिथे जायचं तर जेईई ॲडव्हान्स्ड द्यावी लागते, आणि २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी वाढीव जागा ठेवतात, हे लेकीला जरूर सांगा. आपल्या कर्नाटकात मैसूरच्या एसजेसीई या अभियांत्रिकी कॉलेजात स्वतंत्र विभाग आहे. पण दार सगळ्यात रुंद उघडतं ते एम.टेक.ला. सिव्हिल करून पर्यावरणात जाणं ही मागच्या दाराची वाट नव्हे, बहुतेक जण त्याच वाटेने गेले आहेत. मीही.

कामाचं म्हणाल, तर एकच आकडा देते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आढाव्यात देशातल्या शहरांचं सांडपाणी दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर धरलं आहे. ते शुद्ध करायची उभारलेली क्षमता ३१,८४१. निम्म्याहून जास्त पाण्याला अजून केंद्रच नाही. ती केंद्रं बांधायला आणि बांधून झाल्यावर नीट चालवायला माणसं कुठून येणार?

माझं सांगते. १९८४ साली मी बेळगावात सिव्हिलला गेले तेव्हा आम्हाला सगळ्यांना पूल आणि धरणं बांधायची होती. पाणीपुरवठ्याचा पेपर पास होण्यापुरता. पहिली नेमणूक एका तालुक्याच्या गावी फिल्टर हाऊसवर, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर झाली. जुलैचा महिना, नदी तांबडी लाल. तरी टाकीत तुरटी जायची ती उन्हाळ्यात जायची तेवढीच, कारण वहीत तोच आकडा वर्षानुवर्षं लिहिलेला. गावात नळाला गढूळ पाणी. बायका घागरी घेऊन ऑफिसच्या दारात आल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

त्या दिवशी कॉलेजात एकदाच केलेली जार टेस्ट आठवली, पाण्याला तुरटी किती लागेल ते ठरवायची. सहा जार ओळीने मांडले, सगळ्यांत तेच नदीचं पाणी, प्रत्येकात तुरटी चढती. एक मिनिट जोरात ढवळलं, मग वीस मिनिटं अगदी सावकाश. पहिल्या दोन जारांत काही नाही. तिसऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढे कण. चौथ्यात थोडे मोठे. पाचव्यात पिंजलेल्या कापसासारखे पुंजके झाले आणि ढवळणं थांबवल्यावर डोळ्यांदेखत खाली बसले. वरचं पाणी इतकं नितळ, की जारामागे धरलेल्या वहीतली अक्षरं वाचता आली. सहाव्यात तुरटी सगळ्यात जास्त, तरी पाणी पुन्हा धुरकट! माझी आजी पाणी निवळायला निवळीचं बी घागरीला आतून घासायची, तेही जपून, थोडंसंच. ते थोडंसंच का, हे मला त्या सहाव्या जारापाशी कळलं. पाचव्या जाराचा डोस वहीत लिहिला, आणि तिसऱ्या दिवशी नळाला स्वच्छ पाणी आलं. मी पुढे एम.टेक. याच विषयात केलं ते त्या सहा जारांमुळे.

एक हकिकत लेकीसाठी. अमेरिकेतल्या एमआयटीत पहिल्यांदा एका मुलीला घेतलं, ती एलन स्वॅलो. १८७३ साली तिथली पदवी घेतली, लग्नानंतर रिचर्ड्स झाली आणि मॅसॅच्युसेट्स राज्यभरचं पाणी तपासायचं प्रचंड काम तिने केलं. ती दाखल झाली तेव्हा त्या संस्थेत मुलींची संख्या एक होती.

प्रश्न : मी निपाणीजवळच्या खेड्यातला, मराठी माध्यमाचा. कोल्हापूर जवळ पडतं. आम्हाला महाराष्ट्रात प्रवेश मिळतो का, की कर्नाटकाचीच सीईटी द्यायची?

उत्तर : दोन्ही दे. एकीवर विसंबू नकोस.

महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' प्रकारची उमेदवारी आहे. दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली हवी आणि राहणंही तिथलंच हवं. महाराष्ट्राने दावा सांगितलेली ८६५ गावं आहेत, त्यांत तुझं गाव आहे का ते आधी बघ. गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले ठरलेल्या नमुन्यातच लागतात. एमएचटी-सीईटी द्यावीच लागते. कोल्हापूरच्या केआयटी या अभियांत्रिकी कॉलेजात 'सिव्हिल अँड एन्व्हायर्नमेंटल' अशी जोडशाखा आहे. घरून येऊन-जाऊन शिकता येईल इतकं ते तुला जवळ आहे.

कर्नाटकाच्या केसीईटीत पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत शिकलेल्यांना १५ टक्के ग्रामीण आरक्षण आहे. ते फक्त कन्नड माध्यमाला, असा गैरसमज आपल्या गावांत मी पुष्कळदा ऐकला आहे. कन्नड माध्यमाचं ५ टक्के वेगळं. ग्रामीण आरक्षणाला माध्यम आडवं येत नाही, दहा वर्षं मात्र पूर्ण भरावी लागतात. खानापूरच्या पालकांनीही हे लेकीसाठी वाचावं. शाळेच्या दाखल्यावर तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची (बीईओंची) सही लागते. ती आत्ताच घेऊन ठेव. जूनमध्ये तिथे रांग असते, आणि एका सहीपायी हातची जागा गेलेली पोरं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

प्रश्न : मॅडम, मी बेळगावात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं भाताचं शेत बळ्ळारी नाल्याच्या काठाला. पावसाळ्यात शहराचं घाण पाणी पिकात शिरतं, ते बघून पर्यावरणात एम.टेक. करावंसं वाटतं. उशीर झाला का? प्रोजेक्टही त्याच नाल्यावर करावा म्हणतो.

उत्तर : अजिबात उशीर नाही. एम.टेक.च्या प्रवेशासाठी जी गेट परीक्षा देतात, तिच्यात २०२१ पासून 'पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी' असा वेगळा पेपर आहे, 'ईएस' या नावाने. सिव्हिलच्या पेपरातही हा विषय येतो. गेटवर प्रवेश मिळालेल्यांना आयआयटी-एनआयटीत दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, त्यामुळे घरी पैसे मागायची चिंता बरीचशी कमी होते. आपल्या राज्यात सुरतकलच्या एनआयटीतही हे एम.टेक. आहे.

प्रोजेक्ट नाल्यावरच कर. मुलाखतीत परीक्षकापुढे सांगायला स्वतःच्या बांधावरचं पाणी असणं ही मोठी गोष्ट आहे. तीन जागा निवड : नाला शहरातून बाहेर पडतो तिथे, तुमच्या शेतापाशी आणि खाली आणखी दोन-तीन किलोमीटरवर. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू खातात त्याचं माप. त्याची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत ने. आपल्याकडे ती २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात, परदेशी पुस्तकातले २० अंश आणि पाच दिवस घेऊन तुलना करत बसू नकोस. विरघळलेला ऑक्सिजन मात्र काठावरच बांधून टाकायचा. बाटली बुडवून काठोकाठ भर, एकही बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट घाल, मग अल्कली-आयोडाइड, बूच लाव आणि उलटीसुलटी कर. साका तपकिरी झाला तर पाण्यात अजून थोडा प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर काहीच उरलेलं नाही. सूर्य उगवायच्या आधी एकदा आणि दुपारी एकदा, असं दोन्ही वेळा घे, आणि दोन्ही बाटल्यांचा शेजारी-शेजारी ठेवून फोटो मला पाठव.