कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांतल्या निर्जन तळ्यांत ट्राउट मासे आले कुठून, आणि तिथे मासे सोडणं बंद केलं ते योग्य की अयोग्य?

तुमचे दोन प्रश्न आहेत. दहा हजार फुटांवरच्या, रस्ता नसलेल्या चिमुकल्या तळ्यात ट्राउट पोहोचले कसे, हा एक. आणि सरकारने अशा बऱ्याच तळ्यांत मासे सोडणं थांबवलं, काही तळ्यांतून तर होते तेही काढून टाकले, हे बरोबर आहे का, हा दुसरा. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ बे एरियात राहतो आणि दर उन्हाळ्यात गळ घेऊन या डोंगरांत जातो, त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत.

पहिल्याचं उत्तर थोडक्यात असं, की माणसाने नेले. ही तळी हिमनद्यांनी खडक कोरून तयार केलेली. खालच्या नद्यांत ट्राउट होते, पण मध्ये मोठमोठे धबधबे आणि उभे कडे. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली तरी मासा तिथवर चढू शकला नाही. सिएराच्या उंचावरची जवळपास सगळी तळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बिनमाशांची होती. आज तिथे गळाला लागणारा प्रत्येक ट्राउट कुणीतरी आणून सोडलेल्या माशांच्या वंशातला असतो.

सुरुवातीला हे काम हौशी लोकांनी केलं. १८७६ साली स्टीव्हन्स नावाच्या लाकूड गिरणीवाल्याने मल्की क्रीक या ओढ्यातले डझनभर गोल्डन ट्राउट कॉफीच्या किटलीत घालून कॉटनवुड क्रीकमध्ये नेऊन सोडले. हा सोनेरी अंगाचा, कुशीवर लाल पट्टा असलेला मासा पुढे १९४७ मध्ये कॅलिफोर्नियाचा राज्यमासा झाला. किटलीतल्या त्या माशांच्या वंशजांपासून कॉटनवुड लेक्स ही तळी भरली आणि तिथली अंडी वापरून सिएरातली इतर कितीतरी तळी. नंतर मत्स्यबीज केंद्रं आली, खेचरांच्या पाठीवर दुधाच्या कॅनमधून बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर विमानंच आली. विमान तळ्यावर खाली येतं, पोटाखालची झडप उघडतं आणि पाण्याच्या फवाऱ्याबरोबर बोटाएवढे मासे खाली पडतात. वजन इतकं कमी असतं की बहुतेक जगतात. खेचरांना आठवडा लागायचा ते काम विमान एका सकाळी उरकायचं, आणि म्हणून एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेली तळीसुद्धा माशांनी भरली.

आता दुसरा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे. थांबवलं ते योग्यच केलं, आणि आणखी लवकर थांबवायला हवं होतं.

त्यासाठी तिथल्या पिवळ्या पायांच्या बेडकाची गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे पावसाळ्यात डबक्यातली बेडकाची पिल्लं काही आठवड्यांत बेडूक होऊन बाहेर पडतात. सिएरात वर्षातले आठ-नऊ महिने तळ्यावर बर्फ असतो, म्हणून याच्या पिल्लांना बेडूक व्हायला दोन ते चार वर्षं लागतात. उथळ डबकं उन्हाळ्यात आटतं किंवा हिवाळ्यात तळापर्यंत गोठतं. म्हणजे या बेडकाला खोल, बारमाही तळंच लागतं. आणि ट्राउट सोडायलाही नेमकी तीच तळी निवडली गेली. शेपटीवाली पिल्लं म्हणजे ट्राउटला आयतं जेवण, शिवाय चार-चार वर्षं समोर वाढून ठेवलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएरातल्याच योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या भागात प्राण्यांची पाहणी झाली, तेव्हा हा तिथला सर्वांत जास्त दिसणारा उभयचर होता. आज जुन्या ठिकाणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ठिकाणांहून तो गेलाय. २०१४ मध्ये केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त ठरवलं.

दोष एकट्या ट्राउटचा नाही. कायट्रिड नावाच्या बुरशीने बेडकांच्या कातडीला रोग लावून वसाहतीच्या वसाहती संपवल्या. पण जिथे मासे होते तिथे बेडूक आधीच मूठभर उरले होते, त्यामुळे रोगातून सावरायला मागे कुणी शिल्लकच नव्हतं. रोलंड नॅप या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात सतराशेहून अधिक तळी आणि डबकी पालथी घातली. एका बाजूला किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान, जिथे मासे सोडणं आधीच बंद झालं होतं. शेजारी जॉन म्यूर अभयारण्य, जिथे ते चालूच होतं. डोंगर तेच, उंची तीच, पण मासे कमी तिथे बेडूक जास्त, हे चित्र लख्ख दिसलं. नंतर काही तळ्यांतले मासे जाळी लावून पूर्ण काढले, तर काही वर्षांत बेडूक पुन्हा वाढले. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे.

दोन तळ्यांमधला फरक तुम्हालाही डोळ्यांनी दिसेल. माशांच्या तळ्याच्या काठाकाठाने चाललात तर संध्याकाळी पाण्यावर वर्तुळं उठताना दिसतात, पण काठ रिकामा असतो. बिनमाशांच्या, बेडूक टिकून असलेल्या तळ्यात दुपारी काठाशी वाकून पाहा. घोटाभर कोमट पाण्यात अंगठ्याएवढी काळपट तपकिरी पिल्लं दाटीवाटीने पडलेली असतात, सावली पडली की सगळी एकदम खोल सरकतात. पावलागणिक एखादा बेडूक पाण्यात उडी मारतो. बेडकांवर जगणारे सापही अशाच तळ्यांवर दिसतात. पाण्यातून निघणारे मेफ्लायसारखे कीटक इथे जास्त, म्हणून ते टिपायला डोंगरमाथ्यावरचे रोझी फिंच पक्षीही इथेच जास्त येतात. ट्राउट पाण्यातलं खातो, पण त्याचा फटका काठावरच्यांनाही बसतो.

गळवाल्यांची मुख्य तक्रार अशी, की सोडणं थांबलं की मासेमारी संपली. मला ही भीती पटत नाही. ब्रूक ट्राउटचंच घ्या. हा मूळचा अमेरिकेच्या पूर्व भागातला. रेनबो किंवा गोल्डन जातीच्या ट्राउटला अंडी घालायला वाहतं पाणी आणि खडी लागते, याचं मात्र तळ्यातल्या तळ्यातही भागतं. त्यामुळे तो एकदा आला की हटत नाही, उलट इतका वाढतो की खायला पुरत नाही. मग मोठं डोकं आणि काटकुळं शरीर असे मासे दिसतात. बनी लेक नावाच्या तळ्यात १९५१ मध्ये सोडलेले ब्रूक ट्राउट अर्धपोटी राहून तब्बल चोवीस वर्षं जगले, तेही वीतभर आकारात. एरवी हा मासा इतकी वर्षं जगत नाही. अशा तळ्यात आणखी बोटुकली ओतून काय साधणार? जिथे अंडी घालायला जागाच नाही अशी थोडी तळी मात्र हळूहळू रिकामी होतील. ती झालेली मला चालतील.

योसेमिटीत १९९१ पासून मासे सोडत नाहीत. राज्य सरकारविरुद्ध २००६ मध्ये दोन पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या, त्यानंतर कुठल्या पाण्यात सोडायचे आणि कुठे नाही याची नीट छाननी सुरू झाली. रस्त्याकडेच्या मोठ्या तळ्यांत आजही भरपूर मासे सोडतात आणि ते मला मान्य आहे. बिशपसारख्या गावांची रोजीरोटी त्यावर चालते, लहान मुलं पहिला मासा तिथेच पकडतात. पण मत्स्यबीज केंद्रांवर फार विसंबणंही बरं नाही. २०२० मध्ये तीन केंद्रांत जिवाणूंचा रोग शिरला आणि ३२ लाख ट्राउट मारावे लागले.

यात आनंदाची बातमीही आहे. काही ठिकाणच्या बेडकांत त्या बुरशीशी झुंजण्याची ताकद आली आहे. योसेमिटीत असे बेडूक उचलून रिकाम्या तळ्यांत नेले आणि ते तिथे रुजले. मासे काढले नसते तर त्यांना न्यायचं कुठे?

तुम्ही जाणार असाल तर सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, आणि त्या त्या पाण्याचे नियम दरवर्षी नव्याने पाहावे लागतात. गळाच्या टोकाचा उलटा काटा दाबून चपटा करून न्या, म्हणजे सोडायचा मासा कमी दुखावतो. ओढा तळ्यात शिरतो ते तोंड सकाळी धरा. दुपारी ढग गडगडू लागले की उघड्या खडकावरून खाली उतरा. पकडलेला जिवंत मासा एका तळ्यातून दुसऱ्यात नेणं गुन्हा आहे, कुणी गंमत म्हणून सुचवलं तरी करू नका. ब्रूक ट्राउट ओळखायला सोपा, खालच्या परांची पुढची कड पांढरी असते आणि पाठीवर किड्यांच्या वाटांसारखी नक्षी. नियमात बसतील तेवढे खुशाल ठेवा, त्या तळ्यात ते कमी झालेलेच बरे. खवले इतके बारीक की खरवडावे लागत नाहीत. पोट साफ करायचं, हळद, तिखट, मीठ लावायचं, रव्यात घोळवून थोड्या तेलावर दोन्ही बाजू कुरकुरीत करायच्या. आतडी आणि डोकी तंबूपाशी ठेवू नका, अस्वलं वासाने येतात.