वाचकांचे प्रश्न : नांगर उचलल्यावर मैत्रीचे काय?

प्रश्न : निवृत्तीनंतर गेली अडीच वर्षे आम्ही दोघे शिडाच्या नौकेवर राहत आहोत आणि सध्या कॅरिबियनमधील ग्रेनाडात आहोत. पुण्यातील माझ्या चार मैत्रिणी कॉलेजपासूनच्या आहेत, परंतु आता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मी काही लिहिले की नुसता अंगठा येतो. एकीने तर “तुझे काय बाई, तू सुटलीस,” असेही लिहिले. इकडे ज्यांच्याशी जीव जुळतो, ती मंडळी आठ-पंधरा दिवसांत पुढच्या बेटाकडे निघून जातात. जुन्या दुरावल्या, नव्या टिकत नाहीत, काय करावे?
— एक वाचक, ग्रेनाडा

उत्तर : आपल्या पत्रातील दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, त्यामुळे पुण्याची आधी घेते.

ग्रेनाडाचे घड्याळ आपल्याकडच्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. बॅटरी वाचावी म्हणून पुष्कळ नौकांवर उपग्रहावरून चालणाऱ्या इंटरनेटची तबकडी रात्री बंद करतात. आपणही ती रात्री दहाला बंद करून सकाळी सहाला सुरू करत असाल, तर पुण्यात सकाळी साडेसातपासून दुपारी साडेतीनपर्यंत लिहिलेल्या प्रत्येक निरोपापुढे एकच टिक दिसत राहते. स्टारलिंक कंपनीची अशी साधी तबकडी ५० ते १०० वॅट वीज घेते आणि सलग दोन दिवस आभाळ भरलेले राहिले तर सौर पॅनेलकडून तेवढी वीज भरून येत नाही, हे आपल्याला पाठ आहे; पण कोथरूडमधल्या मैत्रिणीला ते कोणी सांगितले आहे? तिने सासूबाईंच्या तपासणीचा निकाल सकाळी कळवला आणि आपले उत्तर संध्याकाळी चहाच्या वेळी आले, एवढेच तिला दिसते. तेव्हा हा बॅटरीचा हिशोब तिला एकदा नीट सांगा.

दुसरे, आपण पाठवता काय? मी आणि माझे यजमान सात वर्षे नौकेवर राहिलो आणि पहिले वर्षभर मी मैत्रिणींना सूर्यास्तांखेरीज काहीही पाठवले नाही, हे कबूल करते. मग एके दिवशी शौचालयाचा पंप अडकला आणि हे हातात पाना घेऊन त्या कपाटाएवढ्या जागेत दीड तास पालथे पडले होते, तो फोटो पाठवला. त्या संध्याकाळी तिघींचे फोन आले! एकीने सोसायटीच्या टँकरचे रडगाणे सांगितले, मी आमच्या ४०० लिटरच्या टाकीचे आणि समुद्राच्या पाण्यात भांडी विसळण्याचे सांगितले आणि कित्येक महिन्यांनी आम्ही एकाच पातळीवर बोललो. “तू सुटलीस” या वाक्यात हेवा थोडा असेलही, परंतु आपल्या नौकेवरच्या रोजच्या कटकटी तिला कळतच नाहीत, ही तक्रार त्यात जास्त आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नौकेवरून वारंवार बोलता आले नाही तरी चालते, पण आपण कधी गप्प असणार, हे आधी सांगितलेच पाहिजे. कॅनरी बेटांतील लास पाल्मासपासून सेंट लुसियापर्यंतचे अंतर सुमारे २,७०० सागरी मैल आहे आणि साध्या नौकेला ते कापायला अठरा ते एकवीस दिवस लागतात. अशा प्रवासाआधी आम्ही घरी “तीन आठवडे” असे न सांगता “२८ दिवसांपर्यंत काळजी करू नका, त्यानंतर अमक्याला फोन करा,” असे लिहून देत असू. दोन बेटांमधल्या एका रात्रीच्या प्रवासालाही हाच नियम लावा. एरवी आठवड्यातून एक वेळ पक्की ठेवा. ग्रेनाडातील रविवारी सकाळचे आठ म्हणजे पुण्यातील संध्याकाळचे साडेपाच. तिकडे चहा आणि इकडेही चहा. शिवाय भारतातील मोबाइल क्रमांक रिचार्ज करून चालू ठेवा. तो बंद पडून दुसऱ्याला दिला गेला की त्यावरचे व्हॉट्सअ‍ॅपही हातचे जाते.

आता समुद्रावरच्या मैत्रीविषयी. इथे माणसाचे आडनाव कोणाला ठाऊक नसते, नौकेचे नाव मात्र सगळ्यांना ठाऊक असते. त्यामुळे फोनमध्ये नोंद करताना नौकेचेच नाव आधी लिहा आणि नौकेच्या नावाचे ओळखकार्ड छापून जवळ ठेवा. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. आपल्या किनाऱ्यावर जसा दर्या बंद होतो आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा खुला होतो, तसेच हे आहे. फक्त इथे नौका दक्षिणेकडे सरकतात आणि त्यांतील पुष्कळशा ग्रेनाडातच विसावतात. हिवाळ्यात उत्तरेला गेलेली बरीच मंडळी जूनच्या सुमारास पुन्हा त्याच खाडीत नांगर टाकताना दिसतील. दक्षिणेला आलो म्हणून निर्धास्त मात्र राहता येत नाही. १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे चक्रीवादळ ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटावर आदळले आणि खारफुटीत आसरा घेतलेल्या कित्येक नौका नष्ट झाल्या. अशा वेळी कोण कोठे आहे, हे सांगायला शेजारच्या नौकाच असतात.

ओळख करून घ्यायला तिसऱ्या-चौथ्या दिवसाची वाट पाहू नका. समोरच्या नौकेने नांगर टाकला, तो धरला याची खात्री करून माणसे डेकवर बसली, की डिंगीने, म्हणजे आपल्या छोट्या होडीने, जाऊन पोह्यांचा डबा द्या. पुण्यात ही घाई आगाऊपणाची ठरली असती, इथे ती रीत आहे. सकाळी नौकांमध्ये व्हीएचएफ रेडिओवर चालणाऱ्या गप्पांत भाग घ्या, पण चॅनल बदलून ‘खासगी’ बोलू लागलात तरी अर्धी खाडी ऐकत असते, हे विसरू नका. चाळीच्या नळावर बोलल्यासारखेच ते! माझ्या एका भांडणाची हकिकत मला दुसऱ्या बेटावर तिसऱ्याकडून ऐकायला मिळाली होती.

प्रश्न : माझी बालमैत्रीण नौकेवर राहते आणि मला पंधरा दिवसांसाठी बोलावते. तारीख विचारली की ती ठिकाण सांगत नाही आणि ठिकाण विचारले की तारीख सांगत नाही. ती टाळते आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नाही. वारा प्रतिकूल असेल तर शहाणा माणूस नांगर उचलत नाही. त्यामुळे तारीख किंवा ठिकाण यांपैकी एकच गोष्ट आपण ठरवायची आणि दुसरी तिच्यावर सोडायची. तारीख पक्की करायची असेल तर विमानाचे तिकीट मोठा विमानतळ असलेल्या बेटाचे काढा आणि पुढे बोटीने जाण्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवा. कडक सुटकेस नेऊ नका, नौकेवर ती ठेवायला जागा नसते. घडी करता येईल अशी कापडी बॅग न्या. तीत आमसुले आणि मेतकूट घाला, आणि निघण्यापूर्वी पंपाचे सुटे भाग हवे आहेत का, हेही विचारा. बहुतेक हवेच असतात.

परत येताना एक काळजी घ्या. तिने प्रेमाने तिचे जुने उपग्रह-संदेशयंत्र दिले तर ते आणू नका. सरकारी परवानगीशिवाय अशी यंत्रे भारतात बाळगता येत नाहीत आणि गोव्याच्या विमानतळावर त्यावरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे.