कंझर्व्हेटिव्ह म्हणजे पुराणमतवादीच का?

प्रश्न: अक्कलकोट रोडला माझे आठ लूम आहेत, टॉवेलचे, सगळे जुने. मुलगी म्हणते एकदम भंगारात काढा, लोन घ्या, नवीन टाका. मी म्हटलं आधी दोन बदलून बघू, तर म्हणाली पप्पा तुम्ही फार कंझर्व्हेटिव्ह आहात. डिक्शनरीत बघितलं तर 'पुराणमतवादी' दिलंय. लै वाईट वाटलं. दोघी मुलींना शिकवलं, थोरलीनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा भाऊबंद नको म्हणत असताना मीच पुढं होऊन अक्षता टाकल्या. मग मी पुराणमतवादी कसा? आणि इंग्लंडमधे तर पार्टीचंच नाव ते आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: काका, चूक डिक्शनरीची आहे, तुमची नाही. कंझर्व्ह म्हणजे राखणं, जपणं, आपण जलसंधारण म्हणतो ना त्यातलं संधारण. पुराणमतवादी म्हटलं की जुनं ते सोनं म्हणून अडून बसलेला माणूस डोळ्यापुढं येतो, आणि सनातनी हा शब्द तर आपल्याकडं धर्मातनं आलाय, त्यामुळं राजकारणातल्या या विचाराला मराठीत नीट शब्दच मिळाला नाही.

या विचाराचा मूळ माणूस म्हणून ब्रिटिश पार्लमेंटमधल्या एडमंड बर्कचं नाव घेतात. १७९० मधे त्यानं फ्रेंच क्रांतीविरुद्ध पुस्तक लिहिलं, म्हणजे लोकांनी पॅरिसचा बास्तीय तुरुंग पाडून क्रांती सुरू केली त्याला वर्षच झालं होतं. पण हाच बर्क अमेरिकेतल्या वसाहतींच्या तक्रारींच्या बाजूनं बोलला होता आणि हिंदुस्थानातल्या कारभाराबद्दल कंपनीचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटमधे खटला यानंच लावून धरला. त्याचं म्हणणं असं की ज्या राज्याला बदलायची सोय नाही त्याला टिकायचीही सोय नाही. कंझर्व्हेटिव्ह हे पार्टीचं नाव नंतरचं, टोरी म्हणजे तिथल्या जुन्या पक्षाच्या लोकांनी १८३० नंतर घेतलं, त्याच्याआधी १८१८ मधे फ्रान्समधे त्या नावाचा पेपर निघाला होता.

तुम्ही लूमवरचे, तुम्हाला हे पटकन कळेल. बीम, म्हणजे उभे दोरे गुंडाळलेला रूळ, संपला की आपण जुनी टोकं फणीतनं ओढून काढत नाही, तशीच ठेवतो आणि नव्या बीमचा एकेक दोरा जुन्याला गाठ मारून जोडतो, शेकडो गाठी, पाठ मोडते, मग सगळं हळूच पुढं ओढलं की गाठी फणीतनं पार होतात आणि नवं कापड सुरू. बर्क हेच सांगतोय. पण कापडच बदललं, फणी वेगळी लागणार असली, तर गाठी मारून भागत नाही, सगळे दोरे काढून पहिल्यापासून भरावे लागतात. १८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या, मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरनं बारा, एवढंच, तरी टिळकांनी विरोध केला, परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये म्हणून, आणि आगरकर कायद्याच्या बाजूनं उभे राहिले. टिळकांबद्दल मला आदर आहे पण इथं आगरकर बरोबर होते, दहा वर्षांच्या पोरीला हळूहळू बदल होईल, थांब, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

आपल्या देशात या विचाराच्या जवळ आले ते राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी. १९५९ मधे त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला, धंद्याला पावलोपावली सरकारी परवाना लागायचा त्या लायसन्स-परमिटच्या विरोधात, सरकारनं सगळं एकदम हातात घेऊ नये म्हणून. आणि घरातलं बघा, त्यांची मुलगी लक्ष्मी आणि गांधीजींचा मुलगा देवदास यांना लग्न करायचं होतं, जात वेगळी, तर दोन्ही बापांनी नाही म्हटलं नाही, पाच वर्षं थांबा म्हटलं, पोरं थांबली आणि १९३३ मधे पुण्यात लग्न लागलं. तुम्ही अक्षता टाकल्या ते मला याच पंगतीतलं वाटतं.

तेव्हा मुलगी शब्द बरोबर बोलली, फक्त शिवी म्हणून बोलली. पण मला सांगा, दोन लूम बदलून किती महिने बघणार आणि चांगले चालले तर उरलेले सहा कधी, हे तुम्ही तिला सांगितलंय का? तारीख दिली नसेल तर तिचा राग मला पटतो.