घर विकायची ऑर्डर आहे, पण दारच उघडत नाही

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये स्लाऊला राहते. दीड वर्षापूर्वी घटस्फोट पूर्ण झाला. संमतीने झालेल्या कोर्टाच्या ऑर्डरप्रमाणे राहतं घर विकून, कर्ज फेडून जे उरेल त्यातले ५५ टक्के मला आणि ४५ टक्के त्यांना मिळायचे आहेत. घरात ते आणि त्यांच्या आई राहतात. एजंट आला की दार उघडत नाहीत, 'किंमत कमी आहे' म्हणतात. असे ११ महिने गेले. मी दोन मुलींसह भाड्याच्या घरात आहे आणि कर्जावर माझंही नाव आहे. भाऊ म्हणतो, सरळ कुलूप बदलू. काय करू?

उत्तर : ताई, कुलपाला हात लावू नका आणि भावालाही आवरा. दारात एकदा भांडण झालं की पुढे कोर्टात तेच तुमच्याविरुद्ध वाचून दाखवतील. आज तुमची बाजू स्वच्छ आहे, ती तशीच राहू द्या.

पाठवलेली ऑर्डर मी दोनदा वाचली. 'दोघांनी विक्रीला सहकार्य करावं' या एका वाक्यात सगळी अडचण आहे. एजंट कोणता, किंमत किती, दार कधी उघडायचं, यातलं काहीच त्यात नाही. मग ऑर्डर मोडली हे दाखवायचं कशावरून? घाईत केलेल्या ऑर्डरींमध्ये हे वाक्य मला वारंवार दिसतं आणि दर वेळी जीव तुटतो, कारण त्याची झळ घराबाहेर पडलेल्या माणसालाच बसते.

पण तुमच्या ऑर्डरच्या शेवटी अंमलबजावणीसाठी पुन्हा कोर्टात येण्याची मुभा ठेवली आहे. घटस्फोट पूर्ण होईपर्यंत विक्रीची ऑर्डर लागू होत नाही. तुमचा झाला आहे, म्हणजे तीही अडचण नाही. त्याच फॅमिली कोर्टात डी११ या फॉर्मवर अर्ज करा. विक्रीचा सगळा कारभार एकट्या तुमच्या हाती द्यावा, एजंट तुम्ही नेमावा आणि किमान किंमत कोर्टाने ठरवून द्यावी, असं त्यात मागा. किंमत ठरली की 'कमी आहे' म्हणायला जागाच उरत नाही.

दुसरी मागणी ताब्याची. २०१० च्या फॅमिली प्रोसिजर रूल्समधला ९.२४ हा नियम यासाठीच आहे. घर अमुक तारखेला, अमुक वाजेपर्यंत रिकामं करून द्यायचं, अशी ऑर्डर त्याखाली मिळते. तरी हलले नाहीत तर पुढे कोर्टाचे बेलिफ येतात.

आता सहीचं. घर नावावर करून देण्याच्या टीआर१ फॉर्मवर विकणाऱ्याने सही करायची असते आणि शेजारी साक्षीदाराचं नाव-पत्ता. ती जागा कोरी ठेवली की घर आपलंच राहतं, असं तुमच्या आधीच्या यजमानांना वाटत असावं. तसं होत नाही. १९८१ च्या सीनियर कोर्ट्स ॲक्टच्या ३९ व्या कलमानुसार ती सही कोर्टाने नेमलेली व्यक्ती, पुष्कळदा जिल्हा न्यायाधीश, करू शकते आणि ती यजमानांनी स्वतः केल्याइतकीच चालते. सिव्हिल पार्टनरशिप, म्हणजे लग्नाऐवजी कायद्याने नोंदवलेलं नातं, मोडलेल्या जोडप्यांनाही हेच मार्ग आहेत. फक्त विक्रीची ऑर्डर २००४ च्या त्यांच्या कायद्याखाली होते.

सासूबाईंकडे दुर्लक्ष करू नका. घरात १७ किंवा त्याहून जास्त वयाचं आणखी कोण राहतं, हे खरेदीदाराचा सॉलिसिटर विचारतोच. 'घरात माझेही पैसे आहेत' असं त्या म्हणत असतील तर ते तुम्हीच आधी कोर्टाला सांगा. त्यांना पक्षकार करून तो मुद्दा निकाली काढता येतो. शेवटच्या आठवड्यात निघाला तर सौदा मोडेल. ताब्याची तारीखही अशी मागा की वयस्क बाईंना दुसरी सोय करता येईल. न्यायाधीश ते बघतात आणि बघायलाच हवं.

कोर्टाच्या अवमानासाठी दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, पण सुरुवात तिथून करू नका. आधी नवी, नेमकी ऑर्डर घ्या, तिच्यावर शिक्षेचा इशारा छापून घ्या आणि ती आधीच्या यजमानांच्या हातात पोचवा.

कर्जाचे हप्ते थकू देऊ नका. बँक दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. तुम्ही भरलेले हप्ते आणि या अर्जाचा खर्च त्यांच्या हिश्शातून मिळावा, हेही अर्जात लिहा.

आणि आजच एजंटला ई-मेल करा. तो कुठल्या तारखेला, किती वाजता गेला आणि काय झालं, एवढंच उत्तरात मागा. 'बेल वाजवली, आत दिवा होता, दार उघडलं नाही' अशा पाच ओळी मिळाल्या तरी अर्जाला पुरावा झाला.