पडलेल्या उमेदवारास

प्रिय डॉक्टरीणबाई,

मतमोजणीच्या रात्री लिहिलेलं पत्र मिळालं. ‘आता दवाखाना बरा आणि मी बरी’ हे वाक्य त्यात तीनदा आहे, म्हणजे तुझाच त्यावर विश्वास नाही. उपदेश नको म्हणालीस, तर दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईची हकीकत ऐक.

ग्रो हार्लेम ब्रुंटलांड, नॉर्वेची. वडील डॉक्टर आणि मंत्रीही, तेव्हा ‘घरातच होतं तिच्या’ म्हणशील. होतंच. मजूर पक्षाच्या बालसंघटनेत ती सातव्या वर्षी गेली. पण १९६३ला ओस्लोत डॉक्टर झाल्यावर तिनं हार्वर्डला सार्वजनिक आरोग्य शिकून घेतलं, मग आरोग्य खात्यात आणि ओस्लोतल्या शाळकरी मुलांच्या आरोग्यसेवेत नोकरी केली. १९७४ला पर्यावरणमंत्री झाली. १९७७ला उत्तर समुद्रात ब्राव्हो फलाटावरची तेलविहीर फुटून आठवडाभर तेल उसळत राहिलं, तेव्हा देशानं तिला नीट पाहिलं.

फेब्रुवारी १९८१. वय ४१, नॉर्वेची पहिली महिला पंतप्रधान. आणि सुरुवातीलाच आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध तिथल्या आदिवासी सामी समाजातल्या बायका तिच्या कार्यालयातच ठाण मांडून बसल्या. पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. धरण पुढे झालंच. पर्यावरणाचं नाव घेणारीचा हा डाग मला पुसावासा वाटत नाही, तूही पुसू नकोस. सप्टेंबरच्या निवडणुकीत ती हरली. आठ महिन्यांत खेळ खलास! (गंमत म्हणजे नवरा होयरे या विरोधी, उजव्या पक्षाचा, आणि तिला हरवून पंतप्रधान झालेले कोरे विलोकही त्याच पक्षाचे. त्या रात्री घरात काय बोलणं झालं असेल!)

मग काय केलं? पक्षाचं नेतृत्व सोडलं नाही, आणि १९८३पासून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण-विकास आयोगाचं अध्यक्षपद घेतलं. १९८७ला त्या आयोगाचा अहवाल आला. ‘शाश्वत विकास’ हा शब्द आज तुझ्या जाहीरनाम्यातही होता, तो जगभर पोचला या अहवालामुळे. तोवर, १९८६लाच, ती पुन्हा पंतप्रधान झाली होती. १८ जणांच्या मंत्रिमंडळात ८ बायका. १९८९ला सत्ता गेली, वर्षभरानं परत आली.

१९९२ला मुलानं आत्महत्या केली. त्या वर्षी तिनं पक्षाध्यक्षपद सोडलं, पंतप्रधानपद नाही. यावर मी काही बोलणार नाही. १९९४ला युरोपीय संघात जायचं की नाही यावर सार्वमत झालं. ती ‘हो’च्या बाजूनं जीव तोडून लढली आणि ५२ टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘नाही’ म्हटलं. तेव्हाही खुर्ची सोडली नाही. सोडली ती १९९६ला, कुणी मागत नसताना. पुढे १९९८ ते २००३ जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमुखपद, तंबाखूविरोधी करार, आणि एकच मुदत करून तिथूनही उठली.

मला तिच्यातलं हेच आवडतं: हरण्याचा आणि उठण्याचा हिशोब ती वेगवेगळा ठेवायची. तू एका रात्रीत दोन्ही एकत्र करून टाकलेस.

दवाखाना सुरू ठेव, पण तपासणीच्या खोलीतून राजकारण हाकलू नकोस. बुधवारी तुझी सुट्टी असते ना? कोणत्या केंद्रावर किती मतं कमी पडली त्याचा तक्ता घेऊन ये. चहा मी टाकतो.

तुझा,
जुना कार्यकर्ता