जुन्या पुस्तकांचे रीप्रिंट घेऊन पुस्तकांच्या इतिहासाचा अभ्यास होतो का?

होतो, पण अर्धाच. मूळ प्रती परवडत नाहीत म्हणून रीप्रिंटवरच भागवायचं असं तुम्ही लिहिलंय, मीही तशीच सुरुवात केली होती. पहिलं पुस्तक मागवलं ते एक जुनं प्रवासवर्णन, प्रिंट ऑन डिमांडवालं, म्हणजे ऑर्डर आल्यावरच छापून देतात ते. त्यात घडीचा मोठा नकाशा होता म्हणे, पण स्कॅन करणाऱ्याने घडी उलगडलीच नव्हती, त्यामुळे पानावर नदीचा एक तुकडा आणि अर्धं होकायंत्र, आणि दोन पानं पुढे कुणाचा तरी अंगठा!

मशीनने वाचून नव्याने टाइप केलेली तर घेऊच नका. जुन्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांब असायचा, मशीनला तो 'एफ' वाटतो, मग 'सन'चा 'फन' होतो आणि पुस्तकभर तेच.

फॅक्सिमिली, म्हणजे पानाचा जसाच्या तसा फोटो असलेली, ही कामाची. पण तिथेही पहिला प्रश्न विचारायचा की हा फोटो कुठल्या प्रतीचा? कारण हाताने खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायच्या काळात एकाच आवृत्तीच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. छपाई चालू असतानाच चूक दिसली की ती थांबवून खिळा बदलायचे, पण आधी छापून झालेले कागद फेकायचे नाहीत, कागद महाग होता ना, तेही बांधणीत जायचे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, १६२३ च्या फर्स्ट फोलिओत, हे भरपूर सापडतं. चार्लटन हिनमन या अभ्यासकांनी हे फरक शोधण्यासाठी आरसे आणि दिवे लावलेलं एक यंत्रच बनवलं, दोन प्रतींचं तेच पान एकावर एक आळीपाळीने दिसायचं आणि जिथे फरक असेल तेवढंच अक्षर हलल्यासारखं वाटायचं. मग १९६८ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या प्रतींतली सगळ्यात स्वच्छ, दुरुस्त पानं निवडून फॅक्सिमिली काढली. उत्तम काम आहे, पण गंमत बघा, अगदी तशी प्रत १६२३ मध्ये कुणाच्याच हातात पडली नसणार.

आणि कागद तर कुठलंच रीप्रिंट दाखवत नाही. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची १८४७ सालची म्हणून एक पुस्तिका संग्राहकांमध्ये फार मानाची होती. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन ग्रंथविक्रेत्यांनी दाखवून दिलं की तिच्या कागदात रासायनिक प्रक्रिया केलेला लाकडाचा लगदा आहे, जो इंग्लंडमध्ये १८७४ च्या आधी वापरातच नव्हता. बनावट निघाली, आणि मागे होता थॉमस वाइज, त्या काळचा या विषयातला सगळ्यात मोठा जाणकार. मजकूर मात्र अस्सल होता, म्हणजे तिचं रीप्रिंट कितीही वेळा वाचलं असतं तरी काही कळलं नसतं.

म्हणून माझा सल्ला, मजकूर, टाइप, पानाची मांडणी, जाहिराती (उरल्या असतील तर, पुष्कळ रीप्रिंटवाले त्या काढून टाकतात) यांच्यासाठी फॅक्सिमिली घ्या, आणि सोबत हाताने केलेल्या कागदावर छापलेलं एखादं फाटकं, सुटं, कुणाला नको असलेलं जुनं पुस्तक मिळवा, विषय कुठलाही चालेल. एक पान उजेडासमोर धरा. आत बहुतेक वेळा अंतराअंतरावर फिकट रेघा दिसतील. त्या उभ्या असतील तर बहुतेक फोलिओ (छापील कागदाला एक घडी) किंवा ऑक्टाव्हो (तीन घड्या), आडव्या असतील तर क्वार्टो, म्हणजे कागदाला दोन घड्या. आडव्या रेघांसोबत वॉटरमार्कही शिवणीत अर्धा दडलेला दिसला तर क्वार्टोच धरून चाला.